लाकूड हलतं, टेबल हलू नये

डायनिंग टेबल करून घ्यायला आलेलं माणूस पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच बोलतं, "सहा जणांचं हवंय." लाकूड कोणतं, पाय कसे, पॉलिश चकचकीत की मॅट, हे सगळं त्यानंतर. धायरीतला आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, तीन मिस्त्री, दोन मशिनं आणि मी. ऑर्डर पक्की करण्याआधी आम्ही एकदा त्या घरी जातो, शक्यतो जेवणाच्या वेळेला. टेबल किती मोठं हवं हे माणसं मोजून कळत नाही. ती माणसं जेवतात कशी, हे बघावं लागतं.

पुस्तकातली मापं सगळ्यांना ठाऊक असतात. टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच, माणशी रुंदी २४ इंच, टेबलाचा पन्हा ३६ इंच. ही मापं खोटी नाहीत, पण ती काटा-चमचा वापरणाऱ्या हातांसाठी ठरलेली आहेत. आपलं ताट १२-१३ इंचांचं, त्याच्या डावीकडे पाण्याचा पेला, वर एखादी जास्तीची वाटी. हाताने भात कालवताना कोपर बाहेर येतं आणि ते शेजारच्याच्या कोपराला लागतं. म्हणून माणशी २४ ऐवजी २६ इंच मिळाले तर जेवण सुटसुटीत होतं. शिवाय मधे गरम पातेली, भाकरीची दुरडी, लोणच्याच्या बरण्या. आपल्याकडे वाढणारं माणूस उभं असतं, ते टेबलावरून पलीकडे वाकतं. पन्हा ४० इंचांच्या पुढे गेला की त्याला समोरच्या ताटात आमटी वाढता येत नाही. मग ते बिचारं टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत राहतं.

याच्याही पुढची गोष्ट मला एका आजींनी शिकवली. नवं टेबल घरी पोचून आठवडा झाला तशी त्यांच्या सुनेचा फोन आला, "टेबल छान आहे, पण आईंना बसता येत नाही." जाऊन पाहिलं. आजी खुर्चीवर एक पाय दुमडून, अर्धी मांडी घालून बसत. आयुष्यभर पाटावर जेवलेलं शरीर खुर्चीवरही पाटाचीच बैठक शोधतं. वरच्या फळीखाली चारही बाजूंनी जी उभी पट्टी फिरते, तिला आमचे मिस्त्री नुसती 'पट्टी' म्हणतात. ती मी ४ इंचांची ठेवली होती. हिशेब सोपा आहे. ३० इंचांतून सव्वा इंचाची फळी आणि ४ इंचांची पट्टी वजा केली की जमिनीपासून पावणेपंचवीस उरतात, आणि १८ इंचांच्या बैठकीवर मांडीला जागा मिळते पावणेसात इंच. सरळ पाय सोडून बसणाऱ्याला ती पुरते, दुमडलेल्या गुडघ्याला पुरत नाही. तेव्हापासून घरात कोणी मांडी घालून बसणारं असेल तर पट्टी ३ इंचांची करते. एवढ्या एका इंचाने आजी टेबलावर येतात.

मापं ठरली की वखार. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात जावं, डोळे उघडे ठेवावेत आणि घाई करू नये. महाराष्ट्राचा नावाजलेला साग म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, आलापल्लीच्या जंगलांचा आणि बल्लारशाच्या डेपोतून विकला जाणारा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथलंच सागवान गेलं. पण आज वखारीत 'साग' म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं जहाजातून आलेलं असतं. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग मोठ्या प्रमाणावर यायला लागला. लागवडीतलं झाड लवकर तोडलं जातं, त्यामुळे त्यात बाहेरचा फिकट भाग जास्त आणि आतला गाभा कमी. सागाची कीर्ती आहे ती गाभ्याची. वाळवीला दाद न देणारा तेलकट अंश गाभ्यात असतो, फिकट भागात नाही. म्हणून साग देशी की परदेशी यावर मी फार वाद घालत नाही. फळीत गाभा किती, हे बघते.

सागाशिवाय टेबल होत नाही असं मात्र मुळीच नाही. शिवणीचं हलकं टेबल होतं, कोकणात फणसाचं पिवळं लाकूड सुंदर दिसतं, आंब्याचं तर स्वस्त आणि रेषांनी भरलेलं असतं. आंब्याला कीड लवकर लागते, एवढं जाणून त्याला आधी औषध मारून घ्यायचं.

लाकूड किती लागेल? सहा फूट बाय तीन फूट, सव्वा इंच जाड फळीला पावणेदोन घनफुटांहून थोडं जास्त. चार पाय आणि पट्ट्या धरून पावणेतीन घनफुटांच्या आसपास. मिस्त्री मात्र साडेचार-पाच घनफूट आणायला सांगतात आणि ते बरोबर सांगतात. गाठी, चिरा, फिकट कडा, करवतीने आणि रंध्याने खाल्लेलं लाकूड, यात बराच भाग जातो. हा हिशेब माहीत नसला की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, ती गोष्ट. झाड तोडून दहा वर्षं झाली तरी लाकूड हलतं. रात्री घरात कपाट कट् करून वाजतं ते यामुळेच.

लाकूड म्हणजे कडब्याची पेंढी समजा. एकमेकांना चिकटलेल्या, उभ्या, पोकळ काड्या. या काड्यांच्या भिंती हवेतला ओलावा शोषतात आणि फुगतात, हवा कोरडी झाली की तो सोडून आकसतात. पेंढी भिजली तर जाड होते, लांब होत नाही. लाकडाचंही तसंच आहे. सहा फुटी फळीची लांबी वर्षभरात जवळपास बदलत नाही, रुंदी बदलते. त्यातही फरक आहे. झाडाच्या वलयांना समांतर कापलेली फळी जेवढी हलते, त्याच्या साधारण निम्मीच हालचाल वलयांना काटकोनात कापलेली फळी करते, कारण गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशी तिला आवरून धरतात. फळीच्या टोकाला बघितलं की कळतं. वलयं उभी दिसली तर फळी शांत, आडव्या कमानी दिसल्या तर चंचल. वखारीत मी फळीचं तोंड आधी बघते, अंग नंतर.

हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर राहिली तर लाकूड हळूहळू १६ टक्के ओलाव्यापर्यंत जातं, ३० टक्क्यांवर राहिली तर ६ टक्क्यांपर्यंत खाली येतं. घरातल्या पॉलिश केलेल्या टेबलाला एवढी टोकं गाठायला वेळ मिळत नाही. तरी एप्रिलमध्ये ८ आणि ऑगस्टमध्ये १४ टक्के धरायला हरकत नाही. सागाचा हिशेब असा, की आडव्या वलयांच्या फळ्यांचं तीन फूट रुंद टेबल या सहा टक्क्यांच्या फरकाने सुमारे १ सेंटीमीटर रुंद होतं आणि तेवढंच परत आकसतं. दर वर्षी, न चुकता. त्याला थांबवण्याची ताकद कोणत्याही स्क्रूत, खिळ्यात किंवा फेविकॉलमध्ये नाही.

घरात जुना पाट असेल तर उलटा करून बघा. खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, आणि पाट रुंद असला की बहुतेक वेळा मधोमध एक चीर. फळी आकसायला बघत होती, खिळ्यांनी मारलेल्या पट्ट्या तिला धरून होत्या. जाग्यावर अडकलेली फळी शेवटी फाटते. पाटाला दीड फुटात ही गत, तर तीन फुटी टेबलाची काय होईल?

ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलं आहे. कारखाना सुरू करून दोन वर्षं झाली होती. नागपूरची ऑर्डर होती, आणि पुण्यात ऑगस्ट महिना, पाऊस लागलेला. वखारवाल्याने सांगितलं माल सुका आहे, मी ओलावा मापायचं यंत्र लावलं तर १५ दाखवलं. गिऱ्हाईक घाई करत होतं, मी तशाच फळ्या घेतल्या. वर मिस्त्रींनी विचारलं, "ताई, वरची फळी खालून कशी धरायची?" मी म्हणाले, "स्क्रू मारा, चांगले बारा मारा, मजबूत होईल." ते क्षणभर थांबले. पण मी मालकीण, त्यांनी मारले.

टेबल ऑक्टोबरात गेलं. पुढच्या मे महिन्यात ते कुटुंब तीन आठवडे गावी होतं, घर बंद, कूलर बंद, आत विदर्भाची कोरडी भट्टी. परत आले तेव्हा फळीच्या एका टोकापासून २२ इंच लांब चीर पडलेली होती, तोंडाशी ४ मिलिमीटर रुंद. त्यांनी फोटो पाठवला तो मी मिस्त्रींना दाखवला. ते काही बोलले नाहीत. आम्ही दोघं रेल्वेने नागपूरला गेलो. टेबल उलटं केलं, बाराही स्क्रू काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर चीर निम्म्याने मिटली होती. सुटका झाल्यावर फळीने आपल्याला हवी ती जागा घेतली होती. मग चिरेवरूनच फळी उभी कापली, कडा पुन्हा रंधून जोडली. अर्धा इंच पन्हा गेला. आणि या वेळी वरची फळी जशी धरायला हवी होती तशी धरली.

ती कशी, ते सांगते. पट्टीच्या आतल्या अंगाला एक खाच पाडायची. लाकडाचे दोन-अडीच इंची छोटे ठोकळे करायचे, प्रत्येकाला एका बाजूने जीभ ठेवायची. जीभ पट्टीच्या खाचेत जाते आणि ठोकळा वरच्या फळीला एका स्क्रूने बसतो. जिभेपुढे खाचेत थोडी मोकळी जागा सोडायची. फळी आली-गेली की ठोकळा तिच्याबरोबर सरकतो, पण फळीला वर उचलू देत नाही. पन्ह्याच्या बाजूच्या दोन आखूड पट्ट्यांच्या मध्यावर तेवढा एकेक स्क्रू पक्का मारायचा, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना सारखी हलते आणि कुणाच्या नजरेत येत नाही. दहा ठोकळे, अर्ध्या दिवसाचं काम, आणि वरून बघणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. माझ्या मते टेबल चांगलं की वाईट, हे या अर्ध्या दिवसात ठरतं.

ओलावा मापायचं यंत्र नसेल तरी सोपी परीक्षा आहे. फळीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. तुकडा ५६ ग्रॅमचा ५० ग्रॅमवर आला तर ओलावा १२ टक्के. पुण्यासाठी हे उत्तम, नागपूरसाठी याहून थोडं कमी हवं, रत्नागिरीसाठी थोडं जास्त चालेल. टेबल कुठे राहणार आहे हे विचारल्याशिवाय लाकूड घेऊ नये, हे मला नागपूरने शिकवलं. फळ्या आणल्यावरही त्या लगेच कापायच्या नाहीत. मधे लाकडी चिपा घालून थप्पी लावायची, दोन-तीन आठवडे शेडमध्ये राहू द्यायची.

मग येतो कारखान्यातला माझा सगळ्यात आवडता दिवस, फळ्या जोडायचा. तीन फुटांची अखंड फळी आता मिळत नाही आणि मिळाली तरी घेऊ नये, ती वाकते. चार-पाच इंचांच्या सात-आठ फळ्या जोडून पन्हा करायचा. आमचे थोरले मिस्त्री त्या दिवशी रेडिओ बंद करतात. जमिनीवर फळ्या मांडतात, उलटसुलट करून बघतात, रेषा एकीतून दुसरीत वाहतायत का ते उभं राहून दुरून बघतात. पटल्यावर खडूने सगळ्यांवर मिळून एक मोठा त्रिकोण काढतात. पुढे फळ्या कितीही इकडेतिकडे झाल्या तरी त्रिकोण जुळवला की जो तो आपल्या जागी येतो.

कड रंधायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. शेजारच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींना लावतात, कडा वर, आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारतात. रंधा हाताच्या सवयीने एका बाजूला किंचित कलला तरी बिघडत नाही. पुस्तक उघडलं की एकीचा कल दुसरीच्या कलाला भरून काढतो आणि फळी सपाट येते. शेवटी मध्यभागी एक-दोन हात जास्त मारतात, कड मधे केसभर खोल राहते. कारण टोकं लवकर सुकतात, आकसतात, आणि जोड उघडला तर टोकाशीच उघडतो. मधली पोकळी शिकंज्याने ओढून घेतली की टोकं आपोआप एकमेकांवर दाबून बसतात. मग दोन कडा एकमेकींवर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरायच्या. उजेडाची रेघ दिसली तर परत रंधा.

सागाची कड रंधल्यावर तासाभरात चिकटवावी. त्यातलं तेल वर आलं की गोंद नीट धरत नाही. उशीर झालाच तर थिनरने पुसून घ्यावी. पूर्वी सरस उकळून लावत, आता पांढरा गोंद आला आणि तो नीट लावला तर जोड लाकडाहून भक्कम होतो. शिकंजे एक वरून, एक खालून असे आळीपाळीने लावायचे, नाहीतर फळी पन्हाळीसारखी वाकते. जोडातून गोंदाचे बारीक थेंब सलग बाहेर आले की ताण बरोबर. धार लागली तर गोंद जास्त, थेंबच नाहीत तर कोरडा जोड, तो पुढे उघडणार.

पाय आणि पट्टीचा सांधा कुसू-खोबणीचा. पट्टीच्या टोकाला कुसू म्हणजे जीभ, पायात ती बसायला खोबण. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश. हाताने दाबल्यावर अर्ध्यापर्यंत जावं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्याने, इतकं ते घट्ट हवं. हातोडीने बडवावं लागलं तर पाय फुटतो, नुसत्या हाताने पूर्ण गेलं तर वर्षभरात टेबल डुगडुगतं. डुगडुगणारं टेबल माणसं पायाखाली कागदाची घडी घालून वर्षानुवर्षं वापरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. खोडी लाकडात नसते, सांध्यात असते. एक व्यवहाराची गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. टेबल तिसऱ्या मजल्यावर जाणार असेल तर आधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. वाट अरुंद असेल तर पाय बोल्टने सुटे होणारे करून घ्या. अखंड सांध्याचा हट्ट तिथे सोडावा.

पॉलिशबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, मी थोडक्यात सांगते. लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश दिसायला अप्रतिम, पण गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग उठतो. जेवणाच्या टेबलाला ते मी देत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पाणी आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण एकदा खोल ओरखडा गेला की सगळंच खरवडून काढावं लागतं. तेलाची झिलई मऊ असते, दरवर्षी हात फिरवावा लागतो, मात्र डाग पडला तर तेवढीच जागा घासून घरच्या घरी दुरुस्त होते. हळदीच्या डागाला घाबरू नका. टेबल किंवा त्याचा तो भाग दोन दिवस उन्हात आला की हळद उडते. काहीही लावा, फळीच्या वरून जेवढे हात, तेवढेच खालून द्यायला सांगा. खालची बाजू कोरी ठेवली तर ती एकटीच पाणी पिते आणि फळी वाकते. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. आमच्याकडे ते दोरीवर सुट्टे वाळत घालतात किंवा पाण्याच्या बादलीत टाकतात.

नागपूरचं ते टेबल अजून वापरात आहे. त्या बाईंनी मधे मुद्दाम मोजून कळवलं, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, पन्ह्यात ८ मिलिमीटरचा फरक आला होता. चीर नाही.

तुम्ही टेबल घ्यायला किंवा करून घ्यायला जाल तेव्हा वरून हात फिरवून खूश होऊ नका. खाली बसा, मान वाकवा, मोबाइलचा दिवा लावा. फळी पट्टीला कशी धरली आहे ते बघा. सरळ स्क्रू ठोकलेले दिसले तर विचारा, "फळी हलली तर कुठे जाईल?" ज्या सुताराकडे या प्रश्नाला उत्तर आहे, त्याला ऑर्डर द्या, आणि तो मागेल तेवढा वेळ द्या.